आई धवळा म्हणेना

बाबांच्या पायाला वास यायला लागला, तेव्हा आम्ही घराचं दार दिवसभर सताड उघडं ठेवायला लागलो. शहापूरच्या पुढं हायवेला लागून खडीची मशीन होती, तिथं बाबा दगड भरायला जायचे. एका दुपारी ढिगावरचा दगड सुटला आणि डाव्या पायावर बसला. मालकानं जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं. त्यानंतर ना मालक दिसला, ना जीप. हाड कसंबसं जुळलं, जखम मात्र भरेना. घरी आणल्यावर भगताला बोलावलं. त्यानं आधी कोंबडा मागितला, मग दुसरा, मग शेळी. पाय होता तसाच राहिला, खुराडं तेवढं रिकामं झालं.

नव्वद सालानंतरची ही सुरुवातीची वर्षं. आमची वाडी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराच्या पोटाशी. घरात आई, बाबा, मोठी बहीण आणि मी. बहिणीला मी अक्का म्हणायचे. शेत एवढंसं, की भात झोडलं तर शिमग्यापर्यंत पुरायचं. पुढं नाचणीची पेज, तीही अशी पातळ की वाडग्यात आपलं तोंड दिसावं. अक्कानं तिसरीतच शाळा सोडली होती. मी आश्रमशाळेत राहत होते, कारण तिथं दोन वेळचं जेवण मिळायचं. खोटं कशाला सांगू? शिकायची हौस मागाहून आली, आधी भूक होती.

बाबा आडवे झाल्यावर घर उभं राहिलं ते आईच्या गळ्यावर. आई धवळारीण होती. आमच्या लोकांत लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. ती धवळे म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांच्या हुकमानं सगळं चालतं. हळद कधी लावायची, नवरीला बाहेर कधी आणायचं, ते धवळारीण ठरवते. शेवटचा धवळा सगळ्यांत मोठा. नवरानवरीच्या मध्ये कापड धरलेलं असतं. धवळारीण आधी धरतरीला हाक मारते, मग पाण्याला, मग वाघदेवाला, गावदेवाला, आणि शेवटी दोन्ही घरांतल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. शेवटचं नाव घेऊन झालं की कापड खाली येतं. त्याच्या आधी नाही.

आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांची लग्नं आई लावायची. कुणाच्या घरात कोण मेलं, कुणाच्या आधी मेलं, हे तिला पाठ. लग्नसराईत तिच्या ओटीत तांदूळ पडायचे, नारळ यायचे, एखादं लुगडं यायचं. आणि मान असायचा. आमच्या वाडीचा कारभारी मोठा तोऱ्याचा माणूस, पण मांडवात आईला पाट मिळाल्याशिवाय तो स्वतः बसायचा नाही.

तर अशा घरात एक दिवस सायकलवरून एक माणूस आला. बाबांचा जुना सोबती, खडीच्या मशीनवर ऑपरेटर होता. मधल्या काळात तो ख्रिस्ती झाला होता आणि आटगावच्या बाजूला पत्र्याच्या एका खोलीत दर रविवारी उपासना घ्यायचा. तिकडची माणसं त्याला पाळक म्हणायची. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दारात आला, वास त्याच्याही नाकात गेला असणारच. आमचे सख्खे नातेवाईक अंगणातूनच 'काय रे, कसं हाय?' म्हणून वळायचे. हा आत आला, बाबांच्या पायाशी बसला, पट्टी सोडली आणि म्हणाला, "वैनी, पाणी तापवा. मीठ हाय ना घरात?"

त्यानं जखम धुतली. मी सुट्टीला घरी आले होते. मी हे बघत होते आणि माझा हात आपोआप नाकाकडं गेला होता. माझ्या बापाचा पाय, आणि नाक मी धरलं होतं. तो बाबांशी जुन्या सुपरवायझरच्या गोष्टी काढून हसत होता. पुढं तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा. मग एकदा बाबांना सायकलच्या कॅरियरवर बसवून रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीनं मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं आत राहिलेली हाडाची कपची काढली. जखम भरली. चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे मी मुद्दाम सांगते. बाबा आजही लंगडत चालतात.

पण आईनं एकदा त्याला विचारलंच, "भाऊ, तुला वास येत नाय का रे?"

"येतो ना."

"मग?"

"मग काय वैनी? वास येतो म्हणून मित्राला तसाच ठेवायचा?"

"तुला कोनी सांगितलं असं करायला?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा येशूचं नाव घेतलं. त्याच्या आधी इतक्या खेपा घातल्या, पण एक शब्द नाही. आईनं ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. पुढच्या खेपेला तिनं आणखी विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. आईला वाचता येत नव्हतं. सुट्टीत मी आले की पाळकानं दिलेलं पुस्तक माझ्यापुढं ठेवून म्हणायची, "हे वाच. हळू वाच. शाळंत वाचतीस तसं भरभर नको."

वर्षभरानं तिनं सांगितलं की मला पाण्यात उतरायचंय, बाप्तिस्मा घ्यायचाय. पाळकाला आनंद व्हायला हवा होता. तो उलट गंभीर झाला.

"घाई नको वैनी. काय काय जाईल ते आधी बघा."

"काय जाईल? धवळा जाईल."

"आणि?"

"तांदूळ, नारळ. मान जाईल."

"आणि?"

आई हसली. "आनखी काय हाय रे माझ्याकडं जायाला?"

अक्का तिथंच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. आईनं नाही, पाळकानं नाही, मीही नाही.

बाबांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. ते म्हणाले, "तुझा देव तुला, माझा मला. पेज एकाच मडक्यात शिजू दे म्हंजे झालं." ते कधी ख्रिस्ती झाले नाहीत. ज्याचा पाय धुतला तो राहिला तिथंच, आणि धुताना बघणारी गेली. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही.

काळू नदीच्या डोहात, ऐन थंडीत, आईचा बाप्तिस्मा झाला. पाळकानं तिला पाठीमागं कलतं करून पाण्याखाली नेलं. एक क्षण नदीवर नुसतं पाणी होतं, आई नव्हतीच. मग ती वर आली, दात वाजत होते आणि पहिला शब्द काय, तर "अगो बाय, थंडी काय हाय ही!" काठावरची पाच-सहा माणसं हसायला लागली. मी हसले नाही. मला ती दुसरीच कुणी बाई वाटली.

वाडीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. कारभारी दुसऱ्याच दिवशी अंगणात हजर.

"काय ऐकतोय वैनी? म्होरल्या महिन्यात माझ्या पुतन्याचं लगीन हाय. धवळा कोन म्हननार?"

"मी नाय म्हननार."

"तोंड बंद केलं का तुझ्या देवानं?"

"तसं नाय भाऊजी." आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "ज्यांना मी आता हाक मारत नाय, त्यांना मांडवात बोलवू कशी? तोंडदेखलं बोलवू? मग तुमचं लगीन खोटं नाय का होनार?"

कारभाऱ्याला भांडायचं होतं, त्याची तयारी तशी होती. या उत्तराची नव्हती. तो पिंक टाकून निघून गेला.

वाडीनं आमचं पाणी तोडलं नाही, ते खरं सांगायला हवं. आवणीला, भात लावायला, माणसंही आली. तोडलं ते आमंत्रण. लग्न असलं की शेजारच्या घरापर्यंत सुपारी यायची आणि आमचं दार सोडून पुढं जायची. विहिरीवर बायका पावासाठी बाटली म्हणून चिडवायच्या, "काय गो, पाव मिलतो का तिकडं? लोनी लावून का कोराच?" आई घागर उचलता उचलता म्हणायची, "मिलाला असता तर तुला नसता का आनला?" त्या हसायच्या, तीही हसायची. घरी आल्यावर मात्र घागर ठेवून बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

आईची जागा काकीनं घेतली. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. वर्षानुवर्षं ती आईच्या मागं उभी राहून धवळा झेलायची. आईनं ओळ म्हटली की तीच ओळ मागून उचलायची, म्हणजे झेलायचं. आता ती पुढं उभी राहिली. पहिलं लुगडं मिळालं ते नेसून ती आमच्या अंगणातून उगाच दोनदा गेली. बाबा म्हणाले, "आगो, तिसऱ्यांदा जा, रंग अजून नीट नाय दिसला." काकी फणकारली, पण लुगडं खरंच चांगलं होतं.

तांदूळ यायचे बंद झाले. मी तेव्हा दहावीत. माझं पुढं काय, हा प्रश्न पाळकानंच काढला. त्याच्या ओळखीनं कुठून तरी मदत मिळाली असती, तो तसं म्हणालाही. आईनं सरळ नकार दिला. "नको भाऊ. लोक म्हनतील बाई इकली गेली. मंग माझ्या बोलन्याला काय राहिलं?" मी चिडले. मला वाटलं, ही स्वतःचा मान गमावून बसली आणि आता माझं शिक्षणही घालवणार. पण ती रानात जायला लागली. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग करटोली असल्या रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, बाकी वर्षभर मोळ्या. पाटी डोक्यावर घेऊन कधी धसईच्या बाजाराला, कधी शहापूरला. जी बाई मांडवात पाटावर बसायची, ती एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून 'घ्या हो ताई, कवळी हायत' म्हणायला लागली. मला शहापूरला कॉलेजात घातलं ते त्या शेवळांवर. हे मी छाती पुढं काढून सांगते. कुणाचा पाव नाही, कुणाचं लोणी नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना अक्काला मागणी आली. मुलगा धसईच्या बाजूच्या वाडीतला, स्वभावानं शांत, रिक्षा चालवायचा. बाजारात आईच्या पाटीजवळ बसलेल्या अक्काला त्यानं बघितलं होतं आणि नको असताना शेवळं घेऊन गेला होता. अक्कालाही तो आवडला होता. आमच्या वाडीतून आईच्या भानगडीमुळं तिला कुणी विचारत नव्हतं, आणि तिच्या वयाच्या पोरींना पोरं झाली होती. हे लग्न झालं नसतं तर दुसरं झालं नसतं. ते सगळ्यांना कळत होतं.

बोलणी करायला मुलाचा मामा आला, वाडीच्या वतीनं कारभारी बसला. मामा मोठ्या मिशांचा, बोलायला तिखट. तो म्हणाला, "पोर पसंत हाय. आयचा देव कोनचा, त्याचं आमाला काय नाय. पन धवळा पोरीच्या आयनंच म्हनायचा. आमच्या घरातली लग्नं तिनंच लावलीत. आमची मेलेली मानसं तिलाच ठावं हायत."

आई म्हणाली, "पोर तुमची. जेवान मी रांधते, पाय तुमचे मी धुते. धवळा सोडून काय पन सांगा."

"धवळाच सांगतोय ना!"

"तेवढं नाय होनार."

मामा कारभाऱ्याकडं बघायला लागला, कारभारी छपराकडं. शेवटी असं ठरलं, की काकी म्हणेल. पण मामानं बोट वर करून बजावलं, मांडवात काही वेडंवाकडं झालं तर वऱ्हाड नवरा घेऊन परत जाईल.

त्या आठवड्यात अक्का माझ्याकडं शहापूरला आली. रडली नाही, नुसतं म्हणाली, "चल माझ्यासंगं आटगावला. त्या भाऊला सांगू. आय त्याचं ऐकते." आम्ही दोघी गेलो. पाळक पत्र्याच्या खोलीसमोर कुंपणाला कुडाच्या काठ्या बांधत होता. अक्कानं त्याला सगळं सांगितलं. "तुमीच तिला पान्यात बुडवली. आता तुमीच सांगा. एकदाच म्हनूं दे. परत कोनी मागनार नाय."

तो त्याच दिवशी आमच्याबरोबर वाडीवर आला. चहा पुढं ठेवला होता, तो त्यानं हातात घेतला नाही. म्हणाला, "वैनी, एकदा म्हणा."

आईला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. "काय म्हनलास?"

"पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. देव मन बघतो. तुमचं मन त्याला ठावं हाय. एकदा म्हणा आणि मोकळ्या व्हा."

मला धक्का बसला तो वेगळाच. मी अक्काच्या बाजूची होते, तो आमच्या मनासारखंच बोलत होता, तरी मला वाटलं, हा असं कसं बोलतो?

आई म्हणाली, "भाऊ, तू माझ्या घरवाल्याचा पाय धुतलास तवा तुला वास येत व्हता. तरी तू उठला नाहीस. आनि आता माझ्यावर आलं, तर मला ऊठ म्हनतोस?"

त्याच्या चेहऱ्यावर कुणी मारल्यासारखं झालं होतं. निघताना दारात थांबून म्हणाला, "मी घाबरलो वैनी." आणि सायकल हातात धरून चालतच उतार उतरला. अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "गेला. आता कोन सांगनार?"

लग्न दुपारचं होतं. अंगणात मांडव, आंब्याचे टहाळे. आई मांडवाच्या बाहेर मोठ्या चुलीपाशी भाताच्या पातेल्याजवळ, हातात उलथणं. तिनं तसं ठरवूनच ती जागा घेतली होती. मुलाचा आजा मांडवात पुढंच बसला होता. खूप म्हातारा, पागोटं डोळ्यांवर आलेलं, मधूनमधून डुलक्या काढणारा.

काकीनं धवळा बरा उचलला. धरतरी झाली, पाणी झालं, देव झाले. आमच्या घरची मेलेली माणसं झाली. मग मुलाकडची सुरू झाली आणि मला तिच्या आवाजात कंप जाणवायला लागला. मागून झेलणं वेगळं आणि पुढं उभं राहून ओळ काढणं वेगळं. झेलणाऱ्याला पुढची ओळ ठाऊक असावी लागत नाही. ती चाचपडत एक नाव घ्यायची, मग दुसरं. आणि तिसऱ्याला तिनं, सुरात, मोठ्यानं, मेलेल्यांच्या रांगेत मुलाच्या आज्याचं नाव घेतलं.

आज्याची डुलकी मोडली. "ए बाय! मी हितं जिता बसलोय ना!"

मांडव हसला. एकदाच, आणि मग एकदम गप्प झाला. लग्नाच्या मांडवात जित्या माणसाला मेलेल्यांत बोलावलं होतं. हसण्यासारखी गोष्ट ती नव्हतीच. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, तरी मलाही तो अपशकुन वाटला. मुलाचा मामा उभा राहिला. "झालं! सांगितलं व्हतं का नाय मी? आता पयल्यापासून परत म्हना. सगळी नावं, बरोबर. नायतर आमी चाललो."

काकीनं तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. कापड धरलेल्या दोघांचे हात भरून आले होते, पण खाली घेता येत नव्हतं. हळूहळू सगळा मांडव चुलीकडं वळला.

कारभारी पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलला. "वैनी, ऊठ. मी हात जोडतो."

आई उठली. मला वाटलं, झालं. तिचे ओठ हलले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते म्हणून सांगते, तिला सगळी नावं आठवत होती, जिभेवर आली होती. ती अक्काकडं बघत होती. अक्का हळदीनं पिवळी, बाशिंगाच्या आडून आईकडंच बघत होती. त्या नजरेत रागबिग काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं.

आई म्हणाली, "मला नाय जमनार. पोरी, मला नाय जमनार."

आणि परत चुलीपाशी बसली.

मला आजही ती बसलेली दिसते. माझी आई. जिनं पाटी डोक्यावर घेऊन मला कॉलेजात घातलं, ती आपल्या पोरीचं लग्न मोडताना बघत बसली होती आणि भात ढवळत होती. मामा म्हणाला, "चला रे, नवऱ्याला उठवा." नवरा उठेना. कुणीतरी त्याचा दंड धरला.

तेव्हा आवाज आला. जाडसर, आईसारखाच, पण आईचा नव्हे. अक्का गात होती. नवरी. बाशिंगासकट, खाली मान घालून, धरतरीला हाक मारत होती. लहानपणापासून आईच्या मांडीवर बसून तिनं इतकी लग्नं बघितली होती, की तिच्या आत ते सगळं जसंच्या तसं होतं आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. आमच्यात नवरी मांडवात बोलत नाही. गाणं तर दूरच. बायकांनी तोंडावर पदर धरले. कारभाऱ्याचं तोंड उघडं राहिलं. मामा ओरडला, "ही काय रीत झाली? नवरीच सोताचं लगीन लावनार?"

आज्यानं काठी आपटली. "गप रे! मेलो तो मी. मला इचारा. गाऊ दे पोरीला. मला त्या रांगंतनं भायेर काढ बाय, बास झालं."

आमच्या घरच्यांपर्यंत अक्का सरळ गेली. मग थांबली, आज्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, "आजा, तुमच्याकडची तुमी सांगा. मी म्हनते."

म्हाताऱ्यानं पागोटं मागं सारलं आणि आपल्या मेलेल्यांची नावं सांगायला लागला. बापाचं, आईचं, भावांचं, एका लहान पोरीचं, जिला बहुतेक कुणीच आठवत नव्हतं. तो सांगायचा, अक्का सुरात म्हणायची. मागून काकी झेलायला लागली, रडत रडत. शेवटचं नाव झालं. कापड खाली आलं. नवरा अक्काकडं बघत होता, भूत बघावं तसा.

निघताना अक्का सगळ्यांच्या पाया पडली. बाबांच्या, काकीच्या. माझ्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. चुलीपाशी आई उभी होती. अक्का तिच्यासमोरून गेली आणि पाया पडली नाही. आई हलली नाही. उलथणं अजून तिच्या हातात होतं.

सगळे गेल्यावर मी आईला धरलं. इतक्या वर्षांचा राग माझ्या तोंडातून बाहेर आला. "अक्का नसती गायली तर? लगीन मोडलं असतं तर?"

"मोडलं असतं."

"आनि तू काय केलं असतंस?"

"रडले असते." तिनं माझ्याकडं बघितलं. "गायले नसते."

मी कॉलेजात बरंच काही शिकत होते, पण त्यातलं काही त्या वेळी उपयोगी पडलं नाही. मी मान वळवली आणि भांडी गोळा करायला लागले. आईही माझ्याबरोबर भांडी गोळा करायला लागली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. अक्का वर्षभर माहेरी आली नाही. आईलाही तिकडून बोलावणं नव्हतं. बाजाराच्या दिवशी आई धसईला जायची, पाटी घेऊन बसायची आणि रिक्षा दिसली की मान वर करायची. पाळक पहिले काही महिने वाडीवर फिरकला नाही. मग एका रविवारी त्यानं खोलीतल्या सगळ्यांसमोर सांगितलं, की मी या बाईला चुकीचा सल्ला दिला आणि तिनं तो मानला नाही, हे बरं केलं. आई मागं बसली होती. ती म्हणाली, "जाऊं दे रे भाऊ, उगा काय."

तिकडं ती गात नाही. बाकीचे टाळ्या वाजवून गातात, आई टाळ्या वाजवते. पाळकानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "गळा त्या गान्यांचा व्हता. आता तो रिकामा हाय. राहू दे रिकामा." तोपर्यंत मला वाटायचं, तिनं नुसते तांदूळ आणि नारळ सोडले; गळाच सोडला, हे तेव्हा कळलं.

अक्काला पहिली मुलगी झाली तेव्हा आज्यानं निरोप धाडला, "ज्या पोरीनं मला मेलेल्यांतनं काढलं, तिच्या आयला घेऊन या." आई गेली. अक्कानं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि आत चहा ठेवायला गेली. चहात साखर आईला लागते तशी घातली होती, भरपूर. मामा ओट्यावर बसून मिशा पिळत म्हणाला, "धवळा नाय म्हनत तर नको म्हनू. अंगाई तरी म्हन!" आईनं बाळ थोपटलं, बिनगाण्याचं.

आता त्या बाजूच्या वाड्यांत लग्नं अक्का लावते. लोक लांबून बोलवायला येतात. अक्कानं आईला कधी माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोघी एकमेकींकडं जातात-येतात, भाजी निवडतात, नातवंडांवर ओरडतात.

मी नंतर शहापूरहून बी.ए. केलं. निकालाच्या दिवशी आई बाजारातून थेट कॉलेजच्या फाटकाशी आली, डोक्यावर रिकामी पाटी. कारभाऱ्यानं वाडीत सगळ्यांना सांगितलं, की पोर आपल्या वाडीची हाय, आयचं काय पन असो.

अक्काचा संसार उभा राहिला. आई बोलली त्याला आजवर जागली, कुणाकडून काही न घेता. आणि आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी झाले.